हप्ता थकलेल्या माणसाने जावे कुणाकडे? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

विषय : हप्ते थकलेल्या कर्जदारांसाठी मोफत आणि सशुल्क मदत.

महोदय,

कर्जाचे हप्ते थकू लागलेल्या माणसाला दोन प्रकारची मदत मिळू शकते. कर्ज देणारी बँक, बँकांनी चालवलेली आर्थिक साक्षरता केंद्रे, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, विधी सेवा प्राधिकरण आणि लोकअदालत यांची मदत मोफत असते. कर्जाची तडजोड करून देणाऱ्या खासगी कंपन्या, सिबिल सुधारून देण्याची हमी देणारी दुकाने, वकील आणि सनदी लेखापाल यांच्या मदतीला फी पडते. कागदावर ही निवड सोपी वाटते. पण मोफत मदत कुठे मिळते हे बहुतेकांच्या कानावरही आलेले नसते, आणि फीची मदत मात्र मोबाइलवरच्या जाहिरातीतून आपणहून समोर येते. ज्याला एकच दार दिसते त्याने निवड केली असे म्हणता येत नाही. ही निवड खरी व्हावी यासाठी रिझर्व्ह बँकेने काय करायला हवे, हा या पत्राचा विषय आहे.

आधी वेळेचा प्रश्न, कारण बाकीचे बरेचसे त्यावर ठरते. हप्ता चुकला की खाते टप्प्याटप्प्याने घसरते. ३०, ६० आणि ९० दिवसांचे इशाऱ्याचे तीन टप्पे असतात. ९० दिवसांच्या पुढे थकबाकी गेली की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. या पहिल्या तीन महिन्यांत बँकेच्या हातात बरेच काही असते. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. कार्डावरची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत वळवता येते. नोकरी गेलेली असेल, घरात मोठे आजारपण आलेले असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्यावा, उत्पन्नाचा आणि खर्चाचा पुरावा जोडावा, महिन्याला किती भरता येईल ते आकड्यात लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज मान्य करण्याची सक्ती बँकेवर नाही, पण खाते एनपीए होणे बँकेलाही नको असते. पुनर्रचना झाली तर तिचीही नोंद राहते, म्हणून अटी समजून घ्याव्या लागतात. हा अर्ज करायला फी लागत नाही. लागते ती हिंमत, कारण थकबाकीदार माणूस शाखेची पायरी चढायला लाजतो आणि फोन उचलायला घाबरतो. नेमक्या या लाजेच्या दिवसांत त्याच्याशी धीराने बोलणारे कुणीतरी हवे असते. मोफत समुपदेशनाचे खरे मोल इथे आहे.

तडजोड करून देणाऱ्या कंपनीचे काम बहुधा यानंतर सुरू होते, आणि त्यामागे कारण आहे. बँक रकमेवर मोठी सूट देते ती साधारणपणे खाते बुडीत जाऊ लागल्यावर. नियमित हप्ते भरणाऱ्याला मुद्दलात सूट मिळत नाही. त्यामुळे अनेक कंपन्यांचा पहिला सल्ला असतो की हप्ते थांबवा, दरमहा जमेल तेवढी रक्कम बाजूला साठवा, पुरेशी जमली की आम्ही बँकेशी बोलू. म्हणजे कर्जदार थकला नाही तर कंपनीला विकण्यासारखे काही उरत नाही. सल्ला देणाऱ्याचे हित आणि घेणाऱ्याचे हित इथेच वेगळे होते. कंपनी प्रामाणिक असली तरी हा फरक जात नाही, कारण तो धंद्याच्या रचनेतच आहे.

याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, तीन क्रेडिट कार्डांवर मिळून ४ लाख रुपये थकले आहेत. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे आता आकड्यातली वरची हद्द उरलेली नाही. हप्ते थांबवून सहा महिने गेले तर चक्रवाढ न धरताही ८४ हजार चढतात आणि थकबाकी ४ लाख ८४ हजार होते. उशिराचा आकार आणि जीएसटी वेगळाच. आता कंपनीने ‘निम्म्यावर’ तडजोड करून दिली. निम्मे म्हणजे या फुगलेल्या आकड्याचे, २ लाख ४२ हजार. कंपनीची फी मूळ कर्जाच्या १५ टक्के धरली तर ६० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी १० हजार ८००. एकूण खर्च ३ लाख १२ हजार ८००. जाहिरातीतले निम्मे प्रत्यक्षात मूळ थकबाकीच्या ७८ टक्क्यांवर गेले, आणि पत अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहिला तो वेगळा. हा शेरा वर्षानुवर्षे दिसतो. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेले की पहिला प्रश्न त्यावरच येतो. काही जणांना हा सौदाही परवडेल, कारण त्यांच्याकडे दुसरा मार्गच नसेल. पण सौद्याचा हा पूर्ण आकडा सही करण्याआधी त्यांच्यासमोर ठेवला जातो का, हे कुणीही तपासत नाही.

हप्ते थांबवण्याच्या सल्ल्यात आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. दिलेला धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, हे लोकांना ठाऊक असते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तर २००७च्या देयक आणि समझोता प्रणाली अधिनियमाच्या कलम २५ खाली तशाच शिक्षेची तरतूद आहे, हे मात्र सहसा ठाऊक नसते. ‘काही होत नाही, दिवाणी मामला आहे’ असे सांगणारा सल्लागार अर्धेच सांगत असतो.

तडजोड ही अशी गोष्टही नाही की जी फक्त मध्यस्थालाच मिळवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक बँकेला आणि वित्त कंपनीला तडजोडीचे धोरण संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावे लागते. कुणाला किती सूट द्यायची हे त्या धोरणाप्रमाणे बँकच ठरवते. कर्जदाराने स्वतः अर्ज केला काय किंवा कंपनीने केला काय, निर्णय त्याच टेबलावर होतो. तडजोडीनंतर त्या बँकेकडून नवे कर्ज घेण्यासाठी किमान १२ महिने थांबावे लागते (शेतीकर्जाला हा नियम वेगळा), हेही त्याच परिपत्रकात आहे. जिल्ह्याच्या गावी एकरकमी तडजोडीचे (ओटीएस) मेळावे भरतात तिथे शेतकरी स्वतः जाऊन बोलणी करतात. शहरातल्या पगारदाराला तेच जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मात्र तोंडी शब्दावर पैसे भरू नयेत. आधी बँकेच्या कागदावर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काहीही देणे राहणार नाही’ हे वाक्य, मग पैसे, मग ना-देय दाखला, हा क्रम मोडू नये.

फी घेऊन विकल्या जाणाऱ्या गोष्टींत काही अशा आहेत ज्या मुळात प्रत्येकाच्या हक्काच्या आहेत. वसुली एजंटाने सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२चा आदेश आहे. नातेवाइकांना, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना फोन करून बदनामी करणेही नियमात बसत नाही. जाहिरातीत याला ‘छळापासून संरक्षण’ म्हणतात आणि महिन्याची वर्गणी लावतात. दंडाची रक्कम व्याजात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, हा ऑगस्ट २०२३चा नियमही असाच. पत अहवालातली चूक दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत. चारही पत माहिती कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो, आणि तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. खरी असलेली थकबाकीची नोंद मात्र कुणालाच पुसता येत नाही. ती पुसून देतो असे म्हणणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नये.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून लोकपाल योजना बँका आणि वित्त कंपन्या यांच्यासाठी एकत्र झाली, तक्रार ऑनलाइन घेतली जाते आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. या योजनेत वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही, अपवाद फक्त स्वतः पीडित असलेल्या वकिलाचा. म्हणजे सामान्य माणसाने स्वतःच्या शब्दांत तक्रार लिहावी अशीच ही रचना आहे.

मोफत मदतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयात पडत नाही. कर्ज माफ करा किंवा सूट द्या असा हुकूम तो देणार नाही. पतसंस्था त्याच्या कक्षेत येत नाहीत. तिथे प्रश्न सहकार खात्याचा असतो, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला निघण्याआधी उपनिबंधकासमोर म्हणणे मांडण्याची संधी सोडायची नसते. खासगी सावकाराचे कर्ज असेल तर महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमन कायदा लागू होतो. विनापरवाना सावकाराविरुद्धची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. शाखेतला अधिकारी कितीही सहृदय असला तरी तो कर्ज देणाऱ्याचा पगारी माणूस असतो आणि चार वेगवेगळ्या बँकांची देणी एकत्र पाहणे त्याचे काम नसते. नेमकी हीच उणीव स्वतंत्र समुपदेशकाने भरून काढायची असते.

मोफत मार्गांत सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात कमी समजलेला मार्ग लोकअदालतीचा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली ती भरते. वाद न्यायालयात जाण्याआधीही प्रकरण तिथे नेता येते. फी नाही, आधी दावा दाखल झालेला असेल तर भरलेले न्यायशुल्क परत मिळते. दोन्ही पक्षांचे एकमत झाले तरच निवाडा होतो, आणि झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही. हा शेवटचा भाग सही करण्याआधी नीट वाचायला हवा. ठरलेला हप्ता पुन्हा चुकला तर बँक त्या निवाड्याची थेट अंमलबजावणी मागू शकते. म्हणून गर्दीच्या दिवशी, दहा मिनिटांत, टेबलापलीकडच्या वकिलाने सुचवलेला आकडा मान्य करण्याऐवजी जमणारा आकडा घरूनच ठरवून न्यावा. सोबतीला वकील हवा असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तो मोफत मिळू शकतो. स्त्रियांना हा हक्क उत्पन्नाची अट न लावता आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांनाही आहे, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जात अडकलेल्या, वसुलीवाल्याच्या धाकाने दुसरे कर्ज काढून पहिले फेडणाऱ्या बायकांपर्यंत ही एक ओळ पोहोचली तरी खूप काही बदलेल. त्यासाठीचा फोन क्रमांक १५१०० आहे.

फी देणे योग्य ठरते अशा जागाही आहेत. घर किंवा दुकान तारण असेल आणि तारण ताब्यात घेण्याआधीची, २००२च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर जाणत्या वकिलाची फी वाचवू नये. त्या नोटिशीला दिलेल्या लेखी हरकतीचे उत्तर बँकेला १५ दिवसांत द्यावे लागते आणि ही हरकत मुद्देसूद असणे फार महत्त्वाचे असते. धंद्याचे कर्ज, भागीदाराची किंवा जामीनदाराची गुंतागुंत, फौजदारी समन्स यांतही तज्ज्ञ लागतो. पण वकील आणि तडजोड कंपनी यांत एक मूलभूत फरक आहे. वकिलावर बार कौन्सिलचे नियम आहेत: दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, जाहिरात करता येत नाही, गैरवर्तन केले तर सनद जाऊ शकते. सनदी लेखापालावरही त्याच्या संस्थेची शिस्त आहे. तडजोड कंपनीला मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी करावी लागत नाही, फीला मर्यादा नाही, आणि तिच्याविरुद्ध लोकपालाकडे जाता येत नाही. उरतो तो ग्राहक आयोग. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याने आता ग्राहक आयोगात लढावे, अशी ही व्यवस्था आहे.

असा बाजार वाढण्याचे एक कारण कायद्यातल्या पोकळीत आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तीसाठी स्वतंत्र भाग आहे. अगदी छोट्या कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारे प्रकरणही त्यात आहे. १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. पगारदार, रिक्षावाला, छोटा दुकानदार यांच्यासाठी आजही १९०९ आणि १९२०चे ब्रिटिशकालीन नादारीचे कायदेच आहेत. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी रीतसर मार्ग आहे आणि माणूस बुडाला तर त्याच्यासाठी जाहिरात आहे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांच्या कर्जखतांची होळी झाली आणि पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्यातून १८७९चा दक्षिणी शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खतातल्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार किती होता ते न्यायालयाने शोधावे, असे त्यात होते. धनको आणि ऋणको यांच्यात समेट घडवायला सरकारने नेमलेले सलोखाकार होते. या कायद्याखाली महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. त्या कायद्यात उणिवा पुष्कळ होत्या, पण कर्जदाराच्या बाजूने हिशेब पाहणारा त्रयस्थ माणूस सरकारने पुरवला पाहिजे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले होते.

रिझर्व्ह बँकेनेही ते मान्य केले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये बँकेने आर्थिक साक्षरता आणि पतसमुपदेशन केंद्रांची आदर्श योजना जाहीर केली. केंद्राने मूळ बँकेपासून अंतर राखावे, वसुली किंवा विक्रीचे काम करू नये, अडचणीतल्या कर्जदाराला परतफेडीची योजना आखून द्यावी आणि हे सारे मोफत असावे, असा तिचा आशय होता. बँक ऑफ इंडियाने ‘अभय’ या नावाने अशी केंद्रे त्याआधीच सुरू केली होती. घाबरलेल्या कर्जदारासाठी यापेक्षा चांगले नाव सापडणार नाही. २०१२ मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्या, केंद्रांचे नाव नुसते ‘आर्थिक साक्षरता केंद्र’ झाले आणि कामाचा भर शिबिरांवर गेला. खाते उघडणे, बचत, विमा, डिजिटल व्यवहार हे शिकवणे आवश्यकच आहे. पण हप्ता थकलेल्याला शिबिर पुरत नाही. त्याला कागदपत्रे पसरून बसता येईल असे टेबल आणि समोर एक जाणता माणूस लागतो. योजनेच्या नावातून गेलेला ‘पतसमुपदेशन’ हा भाग गेल्या काही वर्षांत, मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मिळू लागल्यावर, सगळ्यात जास्त लागणारा भाग ठरला आहे.

इतर देशांनी यावर काय केले हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१० पासून, फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या कर्जतडजोड कंपन्यांना निदान एका कर्जाची तडजोड होऊन ग्राहकाने त्यातला पहिला हप्ता भरेपर्यंत फी घेता येत नाही. ब्रिटनमध्ये फी घेणाऱ्या कर्जव्यवस्थापन कंपनीला वित्तीय नियामकाचा परवाना लागतो, आणि ‘ही मदत मोफतही मिळते’ हे ग्राहकाशी पहिल्याच संपर्कात सांगावे लागते. तिथल्या स्टेपचेंजसारख्या धर्मादाय संस्थेचा खर्च बराचसा कर्ज देणाऱ्या संस्थांच्या वर्गणीतून चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून, समुपदेशकाकडे गेलेल्या कर्जदाराला ६० दिवसांची उसंत मिळते. तेवढ्या काळात बहुतेक देण्यांवरचे व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. सशुल्क कंपन्या तिथेही आहेत. फक्त त्यांच्याकडे जाणारा माणूस दुसरा मार्ग माहीत असताना जातो.

भारतीय रिझर्व्ह बँकेला यातल्या बऱ्याच गोष्टी संसदेच्या नव्या कायद्याविना करता येतील. बँका आणि वित्त कंपन्या तिच्याच आदेशावर चालतात. पहिला हप्ता चुकल्यावर जो संदेश आणि जे पत्र कर्जदाराला जाते, त्यात मागणीच्या आकड्याखाली मराठीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, शाखेतल्या पुनर्रचनेच्या अर्जाची, जिल्ह्यातल्या केंद्राची, लोकपालाची आणि विधी सेवा प्राधिकरणाची माहिती द्यायला लावावी. प्रत्येक बँकेने आपले तडजोडीचे धोरण, निदान पात्रतेच्या अटी आणि अर्जाचा नमुना, संकेतस्थळावर ठेवावा. २००९च्या योजनेतले समुपदेशन पुन्हा सुरू करावे. ते एका बँकेच्या ताब्यात न देता सर्व कर्ज देणाऱ्या संस्थांच्या वर्गणीतून, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपमागच्या वित्त कंपन्यांनाही धरून, चालवावे. समुपदेशकाकडे नाव नोंदवणाऱ्याच्या मागची वसुली काही आठवडे थांबवावी. तडजोड कंपन्यांवर थेट हुकमत नसली तरी बँकांना सांगता येईल की, काम होण्याआधी फी घेणाऱ्या आणि मोफत मार्गांची माहिती लेखी न देणाऱ्या मध्यस्थाशी बोलणी करू नयेत. त्यांच्या नोंदणीसाठी कायदा लागत असेल तर तो केंद्र सरकारकडे मागावा, आणि दिवाळखोरी संहितेचा अडलेला भाग लागू करण्याची शिफारसही त्याच पत्रात करावी.

हे होईपर्यंत फी मागणाऱ्या प्रत्येकाला कर्जदाराने काही गोष्टी लेखी विचाराव्यात. एकूण फी रुपयांत किती, आणि ती कधी द्यायची? बँकेने नकार दिला तर परत मिळेल का? साठवलेले पैसे कुणाच्या नावावर राहतील? खटला झाला तर वकील कोण, आणि त्याची फी यातच आहे का? यांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत तर सही करू नये. आणि सहीच्या आधी एक दिवस काढून बँकेच्या शाखेत आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जाऊन यावे. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

कळावे.